सिम्युलेशनमधले आकडे: भागाकार करण्यापूर्वी

वायरलेस नेटवर्कच्या सिम्युलेशनला नव्याने हात घालणाऱ्याचे पहिले काही आठवडे प्रोग्रॅम चालता करण्यातच जातात, आणि तो एकदाचा चालला की आलेला आकडा तसाच अहवालात उतरवला जातो. मीही तेच केले होते. एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये २५ नोडचे (उपकरणांचे) ॲड हॉक, म्हणजे मध्यवर्ती केंद्राविना चालणारे नेटवर्क, मार्ग शोधण्यासाठी एओडीव्ही हा प्रोटोकॉल आणि मोजमापासाठी सिम्युलेटरसोबत येणारा फ्लोमॉनिटर, अशी माझी मांडणी होती.

थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला पोचणारा डेटा, काढताना पोचलेल्या बिट्सना मी सिम्युलेशनच्या एकूण कालावधीने, म्हणजे ५० सेकंदांनी भागले. डेटा मात्र दहाव्या सेकंदापासून जात होता. भाजक ४० हवा असल्याने उत्तर २० टक्क्यांनी कमी येत होते. दुसरी चूक उलट्या दिशेची होती. फ्लोमॉनिटर आयपी थरावर मोजतो, त्यामुळे ५१२ बाइटच्या डेटामागे यूडीपीच्या हेडरचे (डेटाला जोडलेल्या पत्त्यासारख्या माहितीचे) ८ आणि आयपीव्ही४ च्या हेडरचे २० बाइट धरून ५४० ची नोंद होते आणि थ्रूपुट जास्त दिसतो. दोन्ही चुका एकमेकींना थोड्याफार झाकत होत्या, त्यामुळे आलेख पाहून कोणालाही शंका आली नाही.

शंका आली ती फ्लोमॉनिटरने लिहिलेली एक्सएमएल फाइल ओळीओळीने वाचताना. मी न सोडलेले कितीतरी फ्लो (एका नोडकडून दुसऱ्याकडे जाणारे पॅकेटांचे प्रवाह) तिथे होते आणि सगळ्यांचा पोर्ट, म्हणजे पॅकेट कोणत्या प्रोग्रॅमचे ते सांगणारा क्रमांक, ६५४, म्हणजे एओडीव्हीचा. हे नियंत्रणाचे संदेश एकेका टप्प्यापुरतेच जातात, म्हणून बहुतेक सुखरूप पोचतात आणि पॅकेट पोचण्याचे सरासरी प्रमाण फुगवतात. तेव्हापासून मी पोर्ट पाहूनच फ्लो निवडते.

सर्वांत फसवा आकडा सरासरी विलंबाचा. तो फक्त पोचलेल्या पॅकेटांवरून निघतो. नेटवर्कवर भार वाढला की लांबच्या मार्गांवरची पॅकेटे आधी गळतात, जवळच्या शेजाऱ्यांची तेवढी पोचतात, आणि नेटवर्क कोलमडत असताना विलंब सुधारल्यासारखा दिसू शकतो. म्हणून विलंबाच्या आलेखाशेजारी पोचलेल्या पॅकेटांचे प्रमाण नसेल, तर मी तो आलेख ग्राह्य धरत नाही. जिटरलाही, म्हणजे विलंबातल्या चढउतारालाही, हेच लागू आहे.

एकदा चालवून आलेले उत्तर हा एकच नमुना असतो. एनएस-३ चे सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो क्रमांक) मुळातच ठरलेले असल्याने तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला तरी तेच उत्तर येते, आणि नवखा त्यालाच स्थैर्य समजतो. सीड तसेच ठेवून रन क्रमांक (प्रत्येक वेळी वेगळे यादृच्छिक आकडे देणारा) बदलावा, निदान १० रन घ्यावेत आणि सरासरीसोबत ९५ टक्क्यांचा विश्वासांतराल, म्हणजे खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी तो पट्टा, द्यावा. तो काढताना लागणारे टी-मूल्य १० रनसाठी २.२६२ येते, मोठ्या नमुन्याला चालणारे १.९६ नव्हे.

आता कोणतीही नवी मांडणी करण्यापूर्वी मी दोनच नोड जवळजवळ ठेवते आणि सेकंदाला ५१२ बाइटची १०० पॅकेटे सोडते. हिशेबाने ४०९.६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) यायला हवेत. ४३२ आले, तर हेडर मोजले गेले आहेत. ३२७ च्या आसपास आले, तर भाजक पुन्हा ५० राहिला आहे.