छोट्या गाडीचे टायर: हवा किती ठेवायची आणि नवे घेताना काय बघायचं

हवा किती मारायची हे पंपावरच्या पोराला विचारायची गरज नाही, ते गाडीवरच लिहिलेलं असतं. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर किंवा दाराच्या कडेला स्टिकर दिसतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे असतात. बऱ्याच गाड्यांत दोन रकाने असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. छोट्या गाड्यांना हा आकडा बहुतेक 30 ते 36 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) दरम्यान येतो. बार या दुसऱ्या एककात लिहिला असेल तर 14.5 ने गुणा, म्हणजे 2.3 बार झाले साधारण 33. टायरच्या बाजूवर छापलेला 44 किंवा 51 हा आकडा मात्र त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीची हवा नव्हे. तो बघून हवा भरली तर गाडी खड्ड्यावर उडते, ब्रेक लागायला वेळ लागतो आणि टायर मधोमध झिजतो.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे किंवा जेमतेम दोन किलोमीटर चालली आहे. कागलहून हायवेने येऊन कोल्हापूरच्या तावडे हॉटेलजवळ हवा चेक केली तर टायर तापलेले असतात आणि आकडा तीन ते पाच पीएसआय जास्त दिसतो. तो जास्तीचा आकडा बघून हवा सोडली की रात्री टायर थंड झाल्यावर तेवढीच हवा कमी पडते. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नका.

घरापासून पंप लांब असेल तर असं करा. पाच-सातशे रुपयांपर्यंतचं साधं प्रेशर गेज घ्या. सकाळी गाडी हलवायच्या आधी, ऊन लागण्याआधी, चारही चाकं मोजा. समजा स्टिकर 33 सांगतो आणि पुढचं डावं चाक 29 दाखवतंय, म्हणजे चार कमी. हा चारचा फरक लिहून ठेवा. पंपावर पोहोचेपर्यंत तेच चाक 31 दाखवेल. तिथे मशीनवर 33 लावायचे नाहीत, 31 अधिक 4 म्हणजे 35 लावायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजा. एखादा पीएसआय इकडेतिकडे असेल तर चालतं. पंपावरची मशीन एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून गेज स्वतःचं हवं आणि दर वेळी तेच वापरायचं.

दर पंधरा दिवसांनी आणि लांबच्या प्रवासाआधी हे करावं. टायर चांगला असला तरी महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप जाते. त्यात हवामानाची भर पडते: तापमान सहा-सात अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. ऑक्टोबरात बरोबर भरलेला टायर डिसेंबरच्या गार सकाळी दोनेक पीएसआय कमी दाखवतो, त्यात पंक्चर शोधत बसायचं कारण नाही. चार चाकांपैकी एकच चाक वारंवार उतरत असेल तर मात्र शोधायचं.

नायट्रोजनबद्दल एकच सांगतो. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन आहे. फुकट मिळाला तर घ्या, पण नायट्रोजन भरलाय म्हणून साधी हवा टाळत कमी प्रेशरवर गाडी चालवणं चुकीचं. दोन्ही एकत्र झाल्याने काही बिघडत नाही.

एक चाक सारखं उतरतंय, तर आधी व्हॉल्व्ह बघा. टोपण काढून तोंडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडा आला तर आतली पिन सैल आहे किंवा खराब झाली आहे. पिन बदलणं दहा-वीस रुपयांचं काम. रबरी व्हॉल्व्हच्या बुंध्याला चिरा पडल्या असतील तर अख्खा व्हॉल्व्ह बदला, आणि नवीन टायर घालताना तर तो बदलायचाच. टोपण हरवू देऊ नका, धूळ-चिखल पिनेपर्यंत जातो तो टोपण नसल्यामुळेच. व्हॉल्व्ह ठीक निघाला तर टायर आणि रिम जिथे भिडतात ती कड तपासा. जुन्या लोखंडी रिमला तिथे गंज धरतो आणि हवा हळूहळू निघते. टायर उतरवून ती कड ब्रशने घासून साफ केली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालणं हा त्यावरचा उपाय नाही. ट्यूब आत घासून तापते, आणि फुटली की हवा एका क्षणात जाते.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगर या कोल्हापूरच्या भागात फौंड्र्या आणि लेथची कामं भरपूर. ट्रकमधून सांडलेला लोखंडी किस रस्त्याच्या कडेला साचतो आणि पंक्चर होतात. खिळा किंवा किस मधल्या नक्षीत घुसला असेल आणि भोक सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर दुरुस्ती टिकते. बाहेरून घातलेली रबरी पट्टी कामचलाऊ समजावी. टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ, त्याची दांडी भोकात बसते) लावणं जास्त भरवशाचं. टायर उतरवलाच आहे तर आत हात फिरवा. काळी रबराची पूड हाताला लागली तर तो टायर हवा नसताना पळवला गेला आहे, बाजूची भिंत आतून चुरगळली आहे. बाहेरून चांगला दिसला तरी तो परत लावू नका. खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि भिंत मिळतात त्या कडेवर, किंवा बाजूच्या भिंतीवर पंक्चर असेल, किंवा खड्ड्यात आपटून फुगा आला असेल, तर दुरुस्ती नाहीच. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत, तो कधीही फुटतो.

टायर कसा झिजलाय यावरून बरंच कळतं. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड खाल्ली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलंय. जागोजागी खोलगट डाग पडले तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का) किंवा शॉकअॅब्सॉर्बर तपासा. उसाच्या हंगामात आणि पावसाळ्यात एक वेगळाच प्रकार होतो: शेताकडच्या रस्त्यावरचा चिखल रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळतो आणि साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी रिम आतून धुऊन बघा.

छोट्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर ओढतात, त्यामुळे पुढचे टायर लवकर जातात. 8,000 ते 10,000 किलोमीटरला चाकं फिरवून घ्या: पुढची सरळ मागे, मागची तिरकी पुढे. नक्षीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढे-मागे करायचं.

आता नवे टायर. कायद्याने कारच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खाचांच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण आपल्याकडे तिथपर्यंत थांबू नये. गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट या भागात पावसाळ्यात रस्त्यावरून पाणी वाहत असतं, आणि तीन मिलिमीटरच्या खाली नक्षी ते पाणी नीट बाहेर फेकू शकत नाही. तीनवर आलेले टायर मे महिन्यात बदलावेत, ऑगस्टपर्यंत ढकलू नयेत.

बाजूवरचं लिखाण असं वाचायचं. 155/80 R13 79T: रुंदी 155 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, 13 इंची रिम, 79 म्हणजे एका टायरला 437 किलो भार, टी म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंत. मूळ टायरपेक्षा भाराचा आणि वेगाचा दर्जा कमी घ्यायचा नाही. पाच माणसं आणि सामान घेऊन कोकणात उतरताना फरक पडतो तो या आकड्याचा.

रुंद टायर लावायची हौस अनेकांना असते. आधी व्यास काढा. 155/80 R13 चा: 155 च्या 80 टक्के म्हणजे 124, दुप्पट 248, त्यात 13 इंचाचे 330, एकूण 578 मिलिमीटर. 175/70 R13 चा: 122.5 दुप्पट 245, अधिक 330, म्हणजे 575. फरक अर्धा टक्का, स्पीडोमीटर बरोबर राहतो. फरक दोन-तीन टक्क्यांवर गेला की सोडून द्या. व्यास जुळला तरी रिमची रुंदी त्या टायरला चालते का, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर कुठे घासत नाही ना, हे बघावंच लागतं. आमचं मत विचाराल तर एक लिटरच्या गाडीला कंपनीचंच माप ठेवा. रुंद टायरने पिकअप आणि मायलेज दोन्ही पडतात, आणि साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो.

त्याच मापात कुठला टायर घ्यायचा हे तुम्ही कुठल्या रस्त्यावर फिरता त्यावरून ठरवा. रोज शहरातल्या आणि गावाकडच्या खडबडीत रस्त्यावर फिरत असाल तर भिंत मजबूत असलेला टायर घ्या. महिन्यातून दोनदा पुण्याला किंवा घाटात जात असाल तर ओल्या रस्त्यावर पकड देणारा घ्या, थोडा लवकर झिजला तरी हरकत नाही.

दुकानात तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. DOT (डॉट) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. ते एका बाजूलाच छापलेले असतात, न दिसल्यास टायर उलटा करायला सांगा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा मागा. आयएसआय चिन्ह असायलाच हवं. महिन्याला दोन-तीनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी भिंतीवरच्या चिरा तपासा, नक्षी कितीही शिल्लक असली तरी.

दोनच नवे घेणार असाल तर ते मागे लावून घ्या. दुकानदार पुढे लावू म्हणेल, कारण पुढचे लवकर झिजतात. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरता येते. ओल्या वळणावर मागची घसरली तर गाडी गिरकी घेते. एका आसावर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे हवेत.

बसवताना बॅलन्सिंग तिथेच करून घ्या आणि अलाइनमेंट त्यानंतर. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळायचे. गनने आवळले असतील तर शेवटचा ताण हातपान्याने तपासायला सांगा. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर ते परत एकदा बघा. आणि स्टेपनी डिकीत आहे तोवर तिचीही हवा मोजा. ती हळूहळू उतरते, म्हणून स्टिकरच्या आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त भरून ठेवा आणि चाक लावायची वेळ आली की गेजने मोजून बरोबर करा.