सोलापुरात भाड्याने घर घेताय? आधी वस्ती पाहा, या चुका टाळा

सोलापुरात बदली होऊन येणाऱ्या कुटुंबांचा घरशोध बहुधा मे-जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर चालतो. हाताशी एखाद-दोन रविवार असतात. एजंट चार फ्लॅट दाखवतो, त्यातला हवेशीर दिसतो तो ठरतो आणि टोकन देऊन माणसं सामान बांधायला परत जातात. महिन्याभरात कळतं की घर चांगलंच आहे, पण नळाला पाणी मध्यरात्री येतं, ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि पावसाळ्यात गल्लीत रिक्षा शिरत नाही. भाड्याचं घर निवडताना सगळ्यात जास्त फसगत होते ती इथेच. खोल्या दाखवायला माणूस असतो, वस्ती मात्र आपली आपल्यालाच पाहावी लागते.

पाण्याचा वार न विचारणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावरच जास्त बोलायला हवं. सोलापूरला मुख्य आधार उजनी धरणाचा. काही पाणी थेट जलवाहिनीतून येतं, काही भीमेच्या पात्रात सोडलेलं टाकळीजवळून उचललं जातं. धरणात साठा भरपूर असला तरी शहरात पाणी रोज येत नाही. भागाभागानुसार काही दिवसांच्या अंतराने चावी सोडली जाते, आणि कुठे दुरुस्ती निघाली की वार पुढे ढकलला जातो. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना हे ऐकून माहीत असतं, पण त्याचा घरातल्या टाकीशी काय संबंध लागतो याचा हिशेब त्यांनी केलेला नसतो.

तो हिशेब साधा आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. चार माणसांचं घर म्हणजे दिवसाला ५४० लिटर. पाणी चार दिवसांनी येत असेल, तर २१६० लिटर साठवायची सोय हवी. काटकसर केली तरी दीड हजाराच्या खाली जाणं अवघड. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी दाखवून ‘पाण्याचं टेन्शन नाही’ असं कुणी सांगितलं, तर जमिनीखाली हौद आहे का, तो किती मोठा, किती कुटुंबांत वाटलेला आणि मोटर कुणाच्या मीटरवर चालते, हे तिथेच विचारून घ्या.

घरमालकाला विचाराच, पण शेजारच्या बाईंना नक्की विचारा. पाणी किती दिवसाआड येतं, किती वाजता येतं, दाब कसा असतो, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, ही माहिती पाणी भरणाऱ्या माणसाकडेच असते. दोघंही नोकरीला जाणार असाल तर वेळेचा प्रश्न दिवसांइतकाच मोठा. सकाळी अकराला पाणी येणाऱ्या गल्लीत हौद भरायला घरी कोण असणार? आणि ‘बोअर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. ते पाणी मे महिन्यात टिकतं का, हे विचारा आणि नळाच्या तोटीवर, बाथरूमच्या फरशीवर पांढरे थर आहेत का ते बघा. असतील तर पाणी जड आहे. वापरायला चालेल, पण प्यायला वेगळी सोय आणि गिझरच्या दुरुस्तीचा खर्च धरून चला.

‘जुळे सोलापूर’ किंवा ‘होटगी रोड’ एवढंच ऐकून ठरवणं

१९९२ मध्ये महापालिकेची हद्दवाढ झाली आणि बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, शेळगी अशी भोवतालची गावं शहरात आली. त्यानंतरची बरीचशी नवी वस्ती याच पट्ट्यात उभी राहिली. सोयी मात्र सगळीकडे एकाच वेळी पोहोचल्या नाहीत. मुख्य रस्त्याला लागून असलेल्या सोसायटीत ड्रेनेज आहे, डांबरी रस्ता आहे, दिवे आहेत. तिथून दोन गल्ल्या आत गेलं की गुंठेवारीतले प्लॉट, शोषखड्डे आणि मुरूम टाकलेला रस्ता. दोन्हींचा पत्ता एकच सांगितला जातो आणि भाड्यातही म्हणावा तेवढा फरक नसतो.

तेव्हा जुळे सोलापूर, होटगी रोड अशा भागाच्या नावापेक्षा गल्ली तपासा. ड्रेनेज लाईनला जोडलंय की शोषखड्डा? शोषखड्डा असेल तर तो उपसायचा खर्च कुणाचा? घंटागाडी रोज येते का? रात्री रस्त्यावर दिवे लागतात का? यासाठी दिवेलागणीनंतर एक चक्कर मारणं भागच आहे. मुलगी क्लासहून आठ वाजता परतणार असेल, तर कोपऱ्यापासून दारापर्यंत स्वतः चालत या. घर दाखवणारा माणूस तुम्हाला गाडीवरून थेट दारात उतरवतो, त्यामुळे हा टप्पा नजरेतून सुटतो.

उन्हाळ्यात घर पाहून पावसाळा विसरणं

सोलापुरात पाऊस कमी, असं सगळेच म्हणतात. खरंही आहे. पण जो पडतो त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो आणि कधी कधी एका रात्रीत कोसळतो. शहराभोवतीची जमीन बऱ्याच ठिकाणी काळी. मे महिन्यात भेगाळलेली, टणक दिसणारी रिकाम्या प्लॉटमधली वाट पावसात दुचाकीचं चाक धरून ठेवते. शेळगीकडच्या नाल्यांजवळ किंवा हिप्परगा तलाव भरून वाहिला की पाणी चढतं त्या आदिला नदीकाठी तळमजला घेण्याआधी चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नका. जवळचा किराणा दुकानदार ‘गेल्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं’ हे बोट दाखवून सांगतो. भिंतीच्या खालच्या हातभर उंचीवर रंग फुगलेला किंवा नुकताच नवा मारलेला दिसला, तरी विचारा.

मेमध्ये घर बघण्याचा एक फायदा मात्र जरूर उचला. पारा ४२-४३ अंशांवर जाणाऱ्या या शहरात वरच्या मजल्याचा, पश्चिमेला भिंत असलेला फ्लॅट दुपारी चारला बघायला जा. सकाळी दहाला सगळीच घरं गार वाटतात. भिंतीला हात लावून बघा. रात्रभर कूलर चालवायचा तर त्यालाही पाणी लागतं, म्हणजे पुन्हा वरचाच हिशेब.

नकाशावरचं अंतर खरं मानणं

सोलापूर फार पसरलेलं शहर नाही, म्हणून ‘कुठेही राहिलं तरी वीस मिनिटांत पोहोचू’ असा समज होतो. आसरा पुलावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला विचारा. रेल्वे लाईन शहर कापत जाते, तिला ओलांडायच्या जागा मोजक्या, आणि गर्दी त्याच जागांवर होते. तुमच्या रोजच्या वाटेत असा पूल येतो का, हे पाहणं किलोमीटर मोजण्यापेक्षा उपयोगाचं. सिटी बसच्या भरवशावर तर घर घेऊच नका. फेऱ्या थोड्या आहेत, त्यामुळे दुचाकी किंवा सीटवरची रिक्षा हेच खरं वाहन.

विद्यापीठ केगावला आहे आणि चिंचोळी एमआयडीसी त्याच्याही पुढे पुणे रस्त्यावर. तिथे नोकरी असेल तर बाळे-केगावकडचं घर पाहा, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सैफुल भागातला मोठा फ्लॅट कितीही मोह घालो. एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाकडे जाणाऱ्यांना होटगी रोड सोयीचा. सिव्हिलमध्ये रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टर-नर्सनी सात रस्ता, ‘रेल्वे लाईन्स’ नावाची वस्ती अशा मधल्या भागात एक खोली कमी घेतली तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे. हुतात्मा एक्सप्रेसने पहाटे पुण्याला जाणं नेहमीचं असेल तर स्टेशनजवळचा भाग. मुलांची शाळा आणि मोठ्यांची नोकरी विरुद्ध दिशांना असेल, तर घर शाळेजवळ घ्या. मोठी माणसं प्रवास सोसतात, सहा वर्षांचं मूल रोज दीड तास व्हॅनमध्ये बसून आजारी पडतं.

शेजाराबद्दल गृहीत धरणं

अक्कलकोट रोड, अशोक चौक, साखर पेठ हा पूर्व भाग यंत्रमागांचा. चादर आणि टॉवेलने या शहराला नाव दिलं, ते इथूनच. पण मागाची खडखड अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि घरात तान्हं बाळ किंवा आजारी वडीलधारं असेल तर शेजारच्या शेडमध्ये रात्रपाळी चालते का हे आधी बघावं. महामार्गालगतच्या घरांनाही हेच लागू. रविवारी दुपारी शांत वाटणारा रस्ता मंगळवारी रात्री अकराला पाहा.

काहीजण फक्त ‘आपल्या लोकांची’ वस्ती शोधतात आणि त्या नादात गैरसोयीचं घर घेतात. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत बोलली जाते आणि नव्या माणसाला लवकर सामावून घेतलं जातं. त्या भीतीपोटी पर्याय कमी करू नका. खाण्यापिण्याच्या अटी काही घरमालक घालतात, त्या मात्र टोकन देण्याआधी तोंडावर विचारून मोकळं व्हा.

‘कशाला हवा करार, आपण घरचेच’

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा असला तरी. लिव्ह अँड लायसन्स कराराला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आणि शहरी भागात नोंदणी फी १००० रुपये. ऑनलाइन नोंदणी घरी बसून होते. हा खर्च कोण करणार ते बोलून ठरवा, पण तो वाचवू नका. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली, मुलाचा प्रवेश घ्यायचा असेल तर भाड्याच्या पत्त्यासाठी नोंदणीकृत करारच लागतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली की नाही, याचीही खात्री करा. करारात पाण्याची मोटर, टँकरचा खर्च, शोषखड्डा उपसणं, रंगकाम आणि नोटिशीचा महिना हे सगळं येऊ द्या. ताबा घेताना वीज मीटरचं रीडिंग आणि आधीची थकबाकी पाहून घ्या.

राहायला आल्यावर अडचण कळली तर

नळाला दाब नसेल, तर आधी फक्त तुमच्याच घरात नाही की गल्लीत सगळ्यांनाच नाही, हे पाहा. गल्लीत येतं आणि तुमच्याकडे येत नाही, म्हणजे जोडणीत किंवा व्हॉल्व्हमध्ये दोष. प्लंबरला बोलवा आणि मालकाला कळवा. सगळ्यांनाच कमी येत असेल तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात चार घरांनी मिळून लेखी अर्ज द्या. एकट्याच्या फोनपेक्षा त्याची दखल लवकर घेतली जाते. नळाला थेट मोटर लावू नका. ते नियमाबाहेर आहे आणि शेजारच्याचं पाणी ओढलं जातं. साठा कमी पडत असेल तर पाचशे लिटरची जादा टाकी घ्या. ती तुमची असते, पुढच्या घरी नेता येते.

ओल, गळती, तुंबलेला शोषखड्डा यांचे तारखेसह फोटो काढा आणि मालकाला मेसेजवर पाठवा. तोंडी बोलणं झालं असलं तरी पाठवा, डिपॉझिट परत घेताना तेच कामी येतं. घर सोडायचंच ठरलं तर करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी नोटीस द्या, आणि शेवटचं भाडं डिपॉझिटमधून कापायचं का हे नोटिशीतच लिहा. पुढचं घर त्याच भागात शोधणार असाल, तर एजंटकडे जाण्याआधी पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा. कोणत्या गल्लीला कधी आणि किती दाबाने पाणी जातं, ते त्याला तोंडपाठ असतं.