कमी खर्चात होम थिएटरचे स्पीकर निवडताना: आधी दोनच, पण चांगले

होम थिएटर घ्यायचे ठरले की आपण सर्वांत आधी खोक्यावरचे आकडे वाचतो: ५.१ (म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर), १००० वॅट, आठ इंची सबवूफर (फक्त खर्जाचा आवाज काढणारा स्पीकर). पहिल्या वेळी मीही तेच केले. पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर असलेला मध्यम किमतीचा संच दिवाळीत हौसेने घरी आणला, जोडला, आणि पहिल्याच चित्रपटात आई दर पाच मिनिटांनी विचारू लागली, ‘काय म्हणाला रे तो?’ पडद्यावर स्फोट झाला की शोकेसच्या काचा थरथरत, पण दोन माणसे हळू आवाजात बोलू लागली की एकही वाक्य धड कळत नसे. संचात बिघाड नव्हता. खर्च जिथे व्हायला हवा होता तिथे तो झालेला नव्हता, इतकेच. त्यानंतर मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या घरांसाठी अनेकदा स्पीकर निवडून दिले आणि दर वेळी एकच सल्ला दिला: पैसे मर्यादित असतील तर पाच सामान्य स्पीकरांऐवजी दोन चांगले स्पीकर घ्यावेत आणि बाकीचे सवडीने वाढवावेत.

यामागचे कारण समजून घेणे महत्त्वाचे आहे. त्या संचातील छोट्या स्पीकरांचा पडदा, म्हणजे आवाज काढताना हलणारा गोल भाग, जेमतेम अडीच-तीन इंचांचा होता. एवढा लहान पडदा साधारण १५० ते २०० हर्ट्झच्या (सेकंदाला होणारी कंपने; आकडा जितका लहान तितका सूर खर्जातला) खालचा आवाज जोर लावून काढू शकत नाही, म्हणून तो भाग सबवूफरकडे सोपवला जातो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर मात्र १०० हर्ट्झच्या आसपास असतो. परिणामी नायकाच्या आवाजातील भरदारपणा टीव्हीखालून न येता कोपऱ्यात ठेवलेल्या सबवूफरमधून येतो आणि वर उरतो तो चिरका, पातळ आवाज. याउलट पाच ते साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा पडदा) आणि वेगळा ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा पडदा) असलेला, लाकडी पेटीतील बुकशेल्फ स्पीकर हा सगळा पट्टा एकट्याने सांभाळतो. असे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना नीट ठेवले की मध्ये बसलेल्या माणसाला संवाद थेट पडद्यातून आल्यासारखे वाटतात आणि संवादांसाठी मध्ये ठेवल्या जाणाऱ्या वेगळ्या सेंटर स्पीकरची उणीव सुरुवातीला भासत नाही. बाजूला बसणाऱ्याला ती थोडी जाणवते, हे मान्य करायला हवे.

आता वॅटविषयी. जाहिरातीत ‘पीएमपीओ’ असे लिहून दिलेला आकडा पूर्णपणे दुर्लक्षित करावा, कारण तो क्षणभराच्या कमाल ताकदीचा, प्रत्येक उत्पादकाने आपल्या सोयीने काढलेला असतो. ‘आरएमएस’ हा सलग मिळणाऱ्या ताकदीचा आकडा त्याहून विश्वासार्ह असतो, पण त्यासोबत किती टक्के विकृती धरली आहे हेही पाहावे. १० टक्के विकृतीला मोजलेला वॅटचा आकडा मोठा दिसतो, मात्र त्या पातळीला आवाज फाटलेला असतो. त्यापेक्षाही उपयोगाची गोष्ट म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. समजा तो ८६ डेसिबल आहे आणि सोफा तीन मीटरवर आहे. मोकळ्या जागेतील हिशेबाने तीन मीटरवर साडेनऊ डेसिबल कमी होतात, म्हणजे एका वॅटमध्येही ७६ डेसिबलच्या पुढे आवाज मिळतो. आपले नेहमीचे बोलणे साठ-पासष्ट डेसिबलचे असते. चित्रपटातील जोरदार प्रसंगासाठी त्याच्या वीस डेसिबल वर जायचे म्हटले तरी सात-आठ वॅट पुरतात, कारण ताकद दुप्पट केली की तीन डेसिबल वाढतात. दहा बाय पंधराच्या हॉलसाठी प्रत्येक बाजूला खरे ३० ते ५० वॅट मुबलक झाले. हजार वॅटचे पैसे मोजण्याची गरज नाही. ॲम्प्लिफायर (स्पीकरला ताकद पुरवणारे यंत्र) किती ओहमच्या, म्हणजे किती विद्युत रोधाच्या, स्पीकरसाठी आहे, एवढे मात्र ताडून पाहावे. चार ओहमचा स्पीकर तो न पेलणाऱ्या यंत्राला जोडला तर ते तापते आणि मध्येच बंद पडते.

रकमेची वाटणी करताना मी साधारण साठ टक्के स्पीकरसाठी, तीस टक्के ॲम्प्लिफायरसाठी आणि उरलेले वायर व स्टँडसाठी ठेवतो. वर्ष-दोन वर्षांत पूर्ण ५.१ करण्याचा निश्चय असेल तर सुरुवातीलाच एव्ही रिसिव्हर (पाचही स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) घ्यावा. तो महाग वाटला तर चांगल्या अवस्थेतील जुना घेण्यात काही कमीपणा नाही. वाढवण्याचा विचार नसेल तर एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल जोडणी (दोन्ही टीव्हीचा आवाज बाहेर आणण्याच्या) असलेला साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर, नाहीतर ॲम्प्लिफायर आतच बसवलेले पॉवर्ड स्पीकर पुरेसे होतात. स्टिरिओ यंत्र ऑप्टिकल वायरने जोडल्यावर अनेकांना काहीच ऐकू येत नाही आणि ते वस्तू परत करायला निघतात. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डॉल्बी किंवा बिटस्ट्रीमऐवजी ‘पीसीएम’ (साधा, थेट वाजणारा आवाज) निवडले की बहुतेक वेळा आवाज सुरू होतो. छताला आवाज आदळवून परतवणारे ॲटमॉसचे (डोक्यावरूनही आवाज ऐकवणाऱ्या पद्धतीचे) स्पीकर या रकमेत घेऊ नयेत. त्यांना सपाट आणि कठीण छत लागते, आणि आपल्याकडे हॉलला नक्षीदार, पायऱ्यापायऱ्यांचे फॉल्स सीलिंग करण्याची पद्धत आहे. स्पीकर ठेवायला जागाच नसलेल्या घरात साऊंडबार (टीव्हीखाली ठेवायचा एकच लांबट स्पीकर) हा योग्य पर्याय आहे, फक्त त्यात संवादासाठी स्वतंत्र सेंटर चॅनल आहे याची खात्री करून घ्यावी.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जा, पुण्यात बुधवार पेठेत जा, किंवा घराजवळच्या शोरूममध्ये जा, पण स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन जा. दुकानदार नेहमी गोळीबाराचा किंवा ढोल-ताशाचा तुकडा लावून दाखवतो. त्यात सगळेच स्पीकर प्रभावी वाटतात. आपण मराठी बातमीपत्र, एखाद्या नाटकातील दोन पात्रांचा संवाद आणि ओळखीच्या आवाजातील एक भावगीत घेऊन जावे. डोळे मिटून स, श, च, छ हे वर्ण ऐकावेत. ते टोचत असतील तर ट्वीटर कर्कश आहे, आणि एकमेकांत मिसळत असतील तर रात्री हळू आवाजात संवाद कळणार नाहीत. दोन स्पीकरांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखाच ठेवायला सांगावे, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर आपल्या कानाला हमखास अधिक चांगला वाटतो. मोबाइलवरील डेसिबल मोजणारे ॲप एवढ्या कामाला पुरते. पेटीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहावे. घट्ट, बद्द आवाज आला तर पेटी भक्कम आहे, पोकळ खणखण आली तर तीच खणखण गाण्यातही ऐकू येईल.

जुने स्पीकर घेणार असाल तर वूफरच्या कडेची गोल पट्टी सर्वांत आधी तपासावी. ती फोमची असेल तर काही वर्षांत, आणि मुंबई-कोकणाच्या दमट हवेत लवकरच, भुसा होऊन गळते. रबराची पट्टी बरीच टिकते. नंतर दोन्ही हातांची बोटे पडद्यावर समान अंतरावर ठेवून तो हलकेच आत दाबावा. खरखर जाणवली तर आतील कॉइल घासत आहे, तो स्पीकर घेऊ नये.

स्पीकर घरी आल्यावर त्यांची जागा ठरवण्यात एक पूर्ण संध्याकाळ घालवावी. सोफ्याच्या मध्यापासून पाहता डावा आणि उजवा स्पीकर प्रत्येकी ३० अंशांवर यावा, म्हणजे दोन स्पीकर आणि आपण मिळून समभुज त्रिकोण होतो. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात स्पीकर कोंबला तर आवाज घुमतो. नाइलाज असेल तर तो निदान कप्प्याच्या पुढच्या कडेपर्यंत ओढून ठेवावा. मग हॉलच्या मध्ये उभे राहून एक टाळी वाजवावी. व्हिट्रिफाइड टाइल्स आणि मोकळ्या भिंतींच्या हॉलमध्ये टाळीमागून झणझण ऐकू येते, आणि तीच झणझण संवादांवर चढते. सोफ्यासमोर जाड सतरंजी आणि खिडकीला वजनदार पडदा लावल्याने जो फरक पडतो, तो महागडा स्पीकर घेऊनही पडत नाही.

वायरसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुहेरी वायर पुरते. तांब्याचा नुसता मुलामा असलेली ॲल्युमिनियमची वायरही त्याच रंगात मिळते. तिची एक तार ब्लेडने खरवडली की आत पांढरे दिसते. धन-ऋण टोके उलटसुलट झाली तर दोन्ही स्पीकर एकमेकांविरुद्ध ओढतात आणि आवाजातील भरदारपणा नाहीसा होतो. शंका आली तर ॲम्प्लिफायरच्या बाजूची टोके सोडवून त्यांना दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल क्षणभर टेकवावा. धन टोक धनाला लागले असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो, उलटे असेल तर आत जातो. हा प्रयोग लहान मुलांना दाखवावा, त्यांना फार आवडतो.

सबवूफर नंतर घेतला तरी चालतो, आणि घेतल्यावर रिसिव्हरमध्ये ८० हर्ट्झच्या खालचेच काम त्याला द्यावे. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून काही जागी ढमढमतो आणि काही जागी जवळपास नाहीसा होतो. म्हणून सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जातील सुरांचे गाणे लावावे आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर हळूहळू फिरावे. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि नेमका ऐकू येतो, तीच सबवूफरची जागा. तो थेट फरशीवर न ठेवता खाली जाड रबराचा तुकडा द्यावा, कारण हा आवाज स्लॅबमधून उतरतो आणि खालच्या घरातील माणसांची झोप मोडतो.

मागचे दोन स्पीकर सर्वांत शेवटी घ्यावेत. ते सोफ्याच्या अगदी मागे न लावता बाजूंना, किंचित मागे, समोरच्या मध्यरेषेपासून साधारण ११० अंशांवर लावायचे असतात. ते पुढच्या वर्षी येणार असले तरी फर्निचरचे किंवा रंगाचे काम निघेल तेव्हाच त्यांच्या वायरसाठी विजेच्या पाइपपासून दूर वेगळा पाइप टाकून घ्यावा, दोन्ही टोकांना मीटरभर वायर जास्तीची सोडावी आणि कोणती डावी, कोणती उजवी याची चिठ्ठी दोन्हीकडे चिकटवून ठेवावी.