डिस्क भरली म्हणून फॉरमॅट मारू नका

लिनक्सवर चालणाऱ्या मशीनला जोडलेली चार टीबीची डिस्क. फाइल कॉपी करायला गेलं की उत्तर येतं, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. मोकळी जागा दाखवणारी डीएफ -एच ही कमांड चालवून साइजमधून यूज्ड वजा करून बघावं तर दीडशे जीबीच्या वर शिल्लक, आणि अव्हेलेबलच्या रकान्यात ठणठणीत शून्य. इंदूरला जेल रोडवर कुठल्याही दुकानात हे सांगा, गल्ल्यावरचा मुलगा मान वर न करता म्हणेल, “फॉर्मेट मार दो, नई हो जाएगी.”

नई होणार नाही. सगळा डेटा दुसरीकडे हलवून, फॉरमॅट करून, रात्रभर परत भरलात तरी तेवढीच जागा पुन्हा गायब असेल. ईएक्सटी४ फाइलसिस्टम (लिनक्सची डिस्कवर फाइल मांडण्याची नेहमीची पद्धत) तयार होते तेव्हाच एकूण ब्लॉकपैकी (डिस्कवरच्या जागेचे समान तुकडे) ५ टक्के रूटसाठी, म्हणजे सिस्टमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवले जातात. चार टीबीचे पाच टक्के म्हणजे २०० जीबी. फॉरमॅट हा त्यावरचा इलाज नाही, त्याचं मूळच फॉरमॅटमध्ये आहे. इलाज ट्यूनटूएफएस नावाच्या कमांडमध्ये आहे आणि तो चालत्या डिस्कवर काही सेकंदांत होतो.

आमच्या रामबागेतल्या वाचनालयात अशीच एक डिस्क आहे. जुन्या मराठी मासिकांची स्कॅन केलेली पानं आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे व्हिडिओ, एवढंच तिच्यावर. वाचनालय सांभाळणारे काका मला दर वेळी विचारतात, “अगं, पण आतलं काही जाणार नाही ना?” प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तेच सांगते. फाइलसिस्टमचे नियम सुपरब्लॉक नावाच्या छोट्याशा जागेत लिहिलेले असतात. वाचनालयाच्या दाखल रजिस्टरच्या पहिल्या पानावरचा नियम खोडून नवा लिहिला, तर कपाटातली पुस्तकं हलत नाहीत, तसंच. काही थोडे बदल मात्र कपाटापर्यंत पोचतात. ते कोणते, ते पुढे येईलच.

कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या, आणि ट्यूनटूएफएसमधला ‘टू’ म्हणजे अंक २. छोटी एबीसीडी की मोठी, हे प्रत्येक ठिकाणी नीट बघा; सांगितलं नसेल तिथे छोटी. सुडो म्हणजे कमांड रूटच्या अधिकाराने चालवणं.

आधी एलएसबीएलके -एफ चालवा. तुमची डिस्क एसडीबी१ आहे की एसडीसी१, आणि तिच्यावर खरंच ईएक्सटी४ (किंवा ईएक्सटी३, ईएक्सटी२) आहे का, हे त्यात दिसतं. बाजारातून आणलेली पोर्टेबल डिस्क बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट असते. तिथे ही कमांड लागू नाही. एक्सएफएससाठी एक्सएफएस_अॅडमिन नावाची वेगळी कमांड आहे.

मग सध्याचे नियम वाचा:

सुडो ट्यूनटूएफएस -(छोटा एल) /डेव्ह/एसडीबी१

लांबलचक यादी येते. ती एका फाइलमध्ये साठवून ठेवा, आणि ती फाइल त्याच डिस्कवर ठेवू नका. यादीत ‘फाइलसिस्टम स्टेट’समोर ‘क्लीन’ असायला हवं. नसेल तर बाकी सगळं सोडून आधी तपासणी करा (शेवटी यूयूआयडीच्या भागात सांगितली आहे तशी). ‘रिझर्व्ह्ड ब्लॉक काउंट’समोर चार टीबीच्या डिस्कला ४ कोटी ८८ लाखांच्या आसपास आकडा दिसेल. एक ब्लॉक ४ केबीचा, म्हणजे गुणाकार करून बघा, आपले २०० जीबी इथेच बसलेले आहेत.

आता ते सोडवायचे:

सुडो ट्यूनटूएफएस -(छोटा एम) १ /डेव्ह/एसडीबी१

राखीव जागा ५ वरून १ टक्क्यावर येते आणि सुमारे १६० जीबी मोकळी होते. डिस्क अनमाउंट करायची, म्हणजे सिस्टमपासून सोडवायची, गरज नाही. लगेच डीएफ चालवा, अव्हेलेबलचा आकडा वर गेलेला दिसेल. शून्य टक्केही चालतं, अपूर्णांकही चालतो. नुसती साठवणीची डिस्क असेल तर मी १ ठेवते. डिस्क अगदी काठोकाठ भरली की नव्या फाइलला सलग जागा मिळत नाही, तिचे तुकडे तुकडे होतात, आणि मग मोठे व्हिडिओ वाचताना डिस्कचं डोकं इकडून तिकडे पळत राहतं.

पण हा प्रयोग ज्या पार्टिशनवर सिस्टम चालते तिथे करू नका. ते ५ टक्के तिथे कामाचे आहेत. एखादी लॉग फाइल फुगून फुगून सगळी जागा खाऊन टाकते, तेव्हा रूटला लॉगिन करून सफाई करायला तेवढीच जागा उरलेली असते.

नाव द्यायचं असेल तर मोठा एल:

सुडो ट्यूनटूएफएस -(मोठा एल) इंदूर /डेव्ह/एसडीबी१

हो, नाव देवनागरीत चालतं. मर्यादा १६ बाइटची आहे आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं; मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘इंदूर’ची चिन्हं पाच, म्हणजे १५ बाइट, जेमतेम बसतं. ‘वाचनालय’ २१ बाइटचं होतं. ते द्यायला गेलात तर कमांड इशारा देऊन १६ बाइटवर कापते, आणि शेवटी अर्धवट अक्षराचा चौकोन लटकत राहतो. आमच्या डिस्कचं नाव म्हणूनच इंदूर आहे, अभिमान वगैरे नंतर.

आता तपासणीचा नियम. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि वाचनालयात यूपीएसची बॅटरी हा विषय कार्यकारिणीच्या प्रत्येक बैठकीत पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. ईएक्सटी४ची ठरावीक मुदतीची तपासणी आजकाल मुळातच बंद असते. ती अशी चालू करा:

सुडो ट्यूनटूएफएस -(छोटा सी) ३० -(छोटा आय) ३एम /डेव्ह/एसडीबी१

म्हणजे ३० वेळा माउंट झाल्यावर किंवा तीन महिने उलटल्यावर, जे आधी होईल तेव्हा. मात्र मशीन सुरू होताना ही तपासणी व्हायला एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी) त्या डिस्कच्या ओळीतला शेवटचा, सहावा आकडा २ असायला हवा. तिथे शून्य असेल तर नियम नुसता कागदावर राहतो.

याच्याच जोडीला -(छोटा ई) रीमाउंट-आरओ. फाइलसिस्टममध्ये चूक सापडली तर तशीच पुढे लिहीत जायचं, हा मूळ नियम. मला तो पटत नाही. साठवणीच्या डिस्कने अशा वेळी लिहिणं थांबवून फक्त वाचू द्यावं. सैल केबलमुळे सुरू झालेली गडबड मग पसरत नाही.

छोट्या-मोठ्या अक्षरांचं मी का बजावलं ते आता बघा. छोटा आय तपासणीची मुदत ठरवतो, मोठा आय आयनोडचा (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा) आकार बदलतो. छोटा सी किती माउंटनंतर तपासायचं ते सांगतो, मोठा सी आजवर किती माउंट झाले तो मोजणीचा आकडाच बदलतो. छोटा यू राखीव जागा कोणाची ते ठरवतो, मोठा यू डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, बदलतो. कॅप्स लॉक चालू आहे का, हे एंटर दाबण्याआधी बघा. सुडो एकदा दिलं की यंत्र तुम्हाला शहाणं समजून चालतं.

कपाटापर्यंत पोचणारे बदल ते हेच: आयनोडचा आकार, जर्नल (बदल होण्याआधी त्यांची नोंद ठेवणारी जागा) काढून टाकणं, काही फीचर. जुन्या डिस्कवर १२८ बाइटचे आयनोड असतील तर तारखा २०३८ साली अडतात. तिथे २५६ करायचा मोह होतो. करता येतं, पण डिस्क अनमाउंट करून आणि पूर्ण बॅकअप हातात ठेवूनच. बॅकअप घेतलाच आहे तर अशा डिस्कला मी सरळ नव्याने फॉरमॅट करते. तेवढ्यापुरता जेल रोडवाला बरोबर.

ब्लॉकचा आकार आणि आयनोडची एकूण संख्या या कमांडने बदलत नाही. संख्येची चिंताही नको: नेहमीच्या पद्धतीने बनवलेल्या चार टीबीच्या डिस्कवर २४ कोटींहून जास्त आयनोड असतात. किती वापरले ते डीएफ -आय सांगतं.

राहिला यूयूआयडी. डीडी वापरून एका डिस्कची हुबेहूब नक्कल केलीत तर दोघींचा यूयूआयडी एकच होतो आणि सिस्टम कुठली माउंट करेल याचा भरवसा राहत नाही. नक्कल असलेली डिस्क अनमाउंट करा (‘टार्गेट इज बिझी’ आलं तर एखादं टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडं असेल), ईटूएफएससीके -एफ ने एकदा तपासून घ्या, आणि मग:

सुडो ट्यूनटूएफएस -(मोठा यू) रँडम /डेव्ह/एसडीसी१

नवा यूयूआयडी बीएलकेआयडीने वाचा, एफएसटॅबमध्ये या डिस्कची ओळ असेल तर तिथे लिहा, आणि मशीन रीस्टार्ट करण्याआधी सुडो माउंट -ए चालवून बघा. चूक असेल तर तिथेच कळते. त्या ओळीत नोफेल हा पर्यायही घाला, म्हणजे काकांनी झाडताना डिस्कची वायर काढून ठेवली तरी सकाळी मशीन सुरू होईल.