जाळ्यात अडकलेले समुद्री कासव किनाऱ्यावर आढळल्यास काय करावे

जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे समुद्रातला कचरा कोकणच्या किनाऱ्यावर लोटतात. त्यातल्या तुटक्या नायलॉन जाळ्यांच्या गुंत्यात कधी कधी जिवंत कासव असते. ते बहुधा ऑलिव्ह रिडले असते, क्वचित हिरवे कासव किंवा हॉक्सबिल. असे कासव पाहिल्यावर माणूस कळवळ्याने जाळे ओढून काढतो आणि त्याला लगेच पाण्यात सोडतो. या दोन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात, कारण वाचू शकणारी कासवे त्यामुळेच दगावतात.

कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्याचे ओझे ओढून थकलेल्या कासवाच्या अंगात श्वासासाठी डोके वर काढण्याचेही त्राण उरलेले नसते, म्हणून पाण्यात ढकललेले कासव बुडून मरते. काही कासवांच्या आतड्यात प्लास्टिक अडकून वायू साठतो; मग त्यांना बुडी मारता येत नाही, ती तरंगत राहतात, उपाशी पडतात आणि बोटींची धडक चुकवू शकत नाहीत. पाठीवर शेवाळ व बार्नॅकल (कवचाला घट्ट चिकटणारे शिंपल्यासारखे जीव) दाटलेले, डोळे खोल गेलेले आणि पोटाकडचे कवच आत बसलेले दिसले, तर ते कासव बऱ्याच दिवसांपासून आजारी आहे असे समजावे.

सर्वप्रथम त्याला भरतीच्या रेषेच्या वर आणावे. पूर्ण वाढलेल्या ऑलिव्ह रिडलेचे वजन साधारण 35 ते 45 किलो असते, म्हणून दोघांनी मिळून कवचाची कड मानेमागे आणि शेपटीकडे धरून त्याला उचलावे. पायांना धरून ओढू नये, उलटे पाडू नये आणि जबड्यापासून हात दूर ठेवावेत, कारण घाबरलेले कासव जोरात चावते. त्यानंतर लगेच वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवावे. गाव, किनाऱ्याची नेमकी खूण, कासवाची हालचाल आणि जखमा सांगाव्यात व छायाचित्रे पाठवावीत. डहाणूला वन विभाग आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन यांचे कासव उपचार केंद्र आहे.

मदत येईपर्यंत जाळे कुठे कापायचे हे नीट समजून घ्यावे. कासव आणि जाळ्याचा मोठा गुंता यांच्यामधले दोर बोथट टोकाच्या कात्रीने कापून त्याच्या अंगावरचा भार कमी करावा, पण मांसात रुतलेला धागा तसाच राहू द्यावा. पुढच्या पायाच्या मुळाशी रुतलेला नायलॉनचा धागा पुष्कळदा दिसतही नाही. दोन्ही बाजूंची कातडी सुजून त्यावर आलेली असते आणि मधे फक्त एक खोल खाच दिसते. तो धागा ओढल्यास रक्तस्राव होतो आणि कुजलेला भाग फाटतो. तो काढायचा की पाय कापायचा, हा निर्णय पशुवैद्यकाचाच आहे.

तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल, तर तोही ओढू नये. कासवाच्या अन्ननलिकेत पोटाच्या दिशेने वळलेले टोकदार काटे असतात. गिळलेले भक्ष्य निसटू नये म्हणून असलेल्या याच रचनेमुळे पिशवीचा तुकडा किंवा गळाचा दोरा त्याला सहसा परत बाहेर टाकता येत नाही. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गळ असू शकतो, शिवाय आतडे त्या दोऱ्यावर चुणून गोळा झालेले असू शकते, आणि ओढताच ते चिरते. वीतभर दोरा बाहेर ठेवून उरलेला कापावा, म्हणजे डॉक्टरांना तो सापडेल.

उन्हात कासवाला सावली करावी आणि पाठीवर ओले सुती कापड ठेवावे. नाकपुड्या व डोळे मोकळे राहिले पाहिजेत. पाऊस आणि गार वारा असेल, तर ओले कापड न घालता त्याला कोरड्या आडोशाला ठेवावे. पाण्याच्या टबात ठेवू नये, काही खाऊ घालू नये, गर्दी दूर ठेवावी आणि कुत्री बांधावीत.

बोटीवर जाळ्यात आलेले कासव निपचित पडले, तरी ते मेले असे लगेच मानू नये. त्याला पोटावर ठेवून मागचा भाग निदान 15 सेंटिमीटर उंच करावा, म्हणजे फुप्फुसातले पाणी निघण्यास मदत होते. अंग ओलसर ठेवून 24 तासांपर्यंत वाट पाहावी आणि अधूनमधून डोळ्याजवळ व शेपटीला हलकेच स्पर्श करून प्रतिसाद पाहावा. संरक्षित सागरी जीव सोडवताना जाळे कापावे लागल्यास महाराष्ट्र शासन डिसेंबर 2018 पासून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देते. त्यासाठी कासव सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत हवी, हे प्रत्येक तांडेलाला, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाला, ठाऊक असायला हवे.

मृत कासव आढळले तरी परस्पर पुरू नये. शवविच्छेदनातूनच पोटातले प्लास्टिक कळते, म्हणून छायाचित्र काढून वन विभागाला कळवावे. ऑलिव्ह रिडले 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याचे कवच घरी नेणे गुन्हा ठरतो. कासव हलवल्यावर मागे राहिलेले जाळे मात्र भरतीच्या रेषेच्या बरेच वर ओढून ग्रामपंचायतीच्या कचरागाडीपर्यंत पोहोचवावे, नाहीतर पुढच्या उधाणात ते पुन्हा समुद्रात जाईल.