कोळंबीची कात तळ्यात साचते तेव्हा: या चुका टाळा

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास कोळंबी मोठ्या संख्येने कात टाकते आणि वारा ढकलेल त्या कोपऱ्यात पांढुरकी टरफलं तरंगू लागतात. ती पाहून घाबरणं ही पहिली चूक. कोळंबी मेली असं समजून लगेच ब्लीचिंग पावडर ओतली जाते. आधी एक टरफल हातात घेऊन दाबा. आतून पोकळ, पारदर्शक आणि डोक्यामागच्या सांध्यावर फाटलेलं असेल तर ती कात आहे. मेलेल्या कोळंबीत मांस असतं, ती लालसर किंवा दुधी पडते आणि तिला वास येतो. तशी सापडली तर मात्र बाहेर काढून चुना टाकून पुरा, आणि कवचावर पांढरे ठिपके आहेत का ते बघा.

जंतुनाशकाने काम उलटं बिघडतं. कातीत कायटिन (कवचाला आधार देणारा तंतुमय पदार्थ), प्रथिनं आणि कॅल्शियम कार्बोनेट असतं. प्रथिनं लवकर कुजतात, चुन्याचा भाग हळूहळू विरघळतो, कायटिन मात्र चिवट. ते तोडण्याचं मुख्य काम तळ्यातले जिवाणूच करतात. त्यांना मारलंत की कात तशीच राहते आणि रिकाम्या जागेवर सगळ्यांत आधी व्हिब्रिओ हे रोग आणणारे जिवाणू वाढतात. कायटिन हे तर त्यांचं आवडतं खाद्य.

खरा प्रश्न कातीचा नाहीच, तळाशी प्राणवायू किती आहे याचा आहे. कायटिनमध्ये वजनाने सुमारे ७ टक्के नायट्रोजन असतो, तो शेवटी अमोनिया होऊन पाण्यात येतो. प्राणवायू भरपूर असेल तर पुढे त्याचं नायट्रेट होतं. नसेल तर तळाला काळा गाळ आणि कुजक्या अंड्याचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. नुकतीच कात टाकलेली मऊ कोळंबी नेमकी तिथेच बसलेली असते. म्हणून विजेचं बिल वाचवायला कात पडते त्या रात्री एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद ठेवणं फार महागात पडतं. पहाटे, सूर्य वर येण्याआधी, तळाजवळचा प्राणवायू मोजा. तो लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणू) टाकत असाल तरी एरेटर चालू हवा, त्या जिवाणूंनाही श्वास लागतो.

खाद्य कमी न करणं हीसुद्धा नेहमीची चूक. कात टाकताना कोळंबी खात नाही. खाद्य तपासायच्या ट्रेमध्ये खाद्य उरलेलं दिसलं तरी नेहमीचं माप टाकत राहिलात, तर कातीपेक्षा जास्त घाण त्या खाद्याचीच होते.

गोव्यात चोडण-दिवाडीकडच्या खाजनांत (बांध घातलेल्या खाऱ्या जमिनींत) एक सोय आहे. कात पडते त्याच दिवसांत उधाणाची भरती-ओहोटी असते, त्यामुळे मानशीतून (बांधातल्या फळ्यांच्या दारातून) पाणी बदलणं सोपं जातं. पण वरच्या फळ्या काढून वरचंच पाणी सोडलं तर तळाची घाण जागीच राहते. उन्हाळ्यात खालून सोडा. पावसाळ्यात नेमकं उलटं. जोराच्या पावसानंतर खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर बसतो आणि हवा खाली पोचत नाही, तेव्हा वरचा थर आधी काढायचा. वन्नामेई जातीच्या कोळंबीच्या तळ्यांना मात्र नदीचं कच्चं पाणी थेट घेऊ नका, त्यातून पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू येऊ शकतो.

दोन दिवस उलटूनही कवच मऊच असेल तर पाण्याची आल्कलिनिटी (आम्ल शोषून घेण्याची क्षमता) तपासा. नवं कवच घट्ट व्हायला लागणारी खनिजं कोळंबी मुख्यतः पाण्यातून घेते, पडलेल्या कातीतून लगेच पुरेशी मिळत नाहीत. आल्कलिनिटी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर हवी, आणि समुद्राच्या पाण्यासारखं मॅग्नेशियम कॅल्शियमच्या सुमारे तिप्पट.

काढणी मेअखेरीपर्यंत लांबवू नका. पाऊस सुरू होण्याआधी तळ उन्हात भेगा पडेपर्यंत वाळला पाहिजे. ओल्या काळ्या थरावरच पुन्हा पाणी भरलं, तर मागच्या पिकाची कात आणि उरलेलं खाद्य पुढच्या पिकाखाली कुजत राहतं.