खेळाडूंच्या अदलाबदलीत खरा फायदा कोणाचा? निवाडा करताना या चुका टाळा

पावसाने जरा उघडीप दिली की बेळगावच्या टिळकवाडीतील लेले मैदानावर मुलांचा फुटबॉलचा सराव होतो आणि अंधार पडल्यावर चिखलाचे बूट सोडवत बसलेल्या त्याच मुलांचा वाद सुरू होतो. गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाने वहीच्या मागच्या पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे ‘इब्राहिमोविच २१’ आणि उजवीकडे ‘इटो १६’ असे लिहिले आणि पान माझ्यापुढे धरले. “मामा, एकवीस मोठे की सोळा? बार्सिलोनाचाच फायदा झाला की,” असे त्याचे म्हणणे होते. त्याचे आकडे बरोबर होते, कारण २००९-१० च्या हंगामात सर्व स्पर्धा मिळून दोघांनी तेवढेच गोल केले होते. निष्कर्ष मात्र पूर्णपणे चुकला होता, आणि तो जिथे चुकला तिथेच मोठी माणसेही चुकताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

फक्त गोल मोजणे

२००९ च्या उन्हाळ्यात इटलीच्या इंटर मिलानने झ्लाटान इब्राहिमोविच स्पेनच्या बार्सिलोनाला दिला आणि त्याच्या बदल्यात सॅम्युएल इटो व सुमारे ४.६ कोटी युरो रोख घेतले. ही रोख रक्कम त्या मुलाच्या पानावर कुठेच नव्हती. त्याच उन्हाळ्यात इंटरने रियल माद्रिदकडून वेस्ली स्नायडरला विकत घेतले, आणि पुढे चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्ध पहिल्या लढतीत इंटरचा पहिला गोल त्यानेच केला. इंटरने ती लढत ३-१ अशी जिंकली. परतीच्या सामन्यात थियागो मोटाला अठ्ठाविसाव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले आणि दहा जणांच्या इंटरला तासाभराहून अधिक वेळ तग धरावा लागला. त्या रात्री इटो, म्हणजे जगातल्या उत्तम स्ट्रायकरपैकी (गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूंपैकी) एक, कडेला खाली उतरून जवळजवळ डिफेंडरसारखा खेळत होता. इंटर तो सामना ०-१ असा हरला, पण एकूण ३-२ अशा फरकाने अंतिम फेरीत गेला आणि त्या हंगामात लीग, इटालियन चषक व चॅम्पियन्स लीग ही तिन्ही विजेतेपदे त्याने मिळवली. इटोचे त्या रात्रीचे काम गोलांच्या कोणत्या रकान्यात लिहायचे?

ही चूक मी स्वतःही केली आहे. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी स्पर्धेसाठी आमच्या गल्लीच्या संघाने आपला एक उंच डिफेंडर शेजारच्या संघाला दिला आणि त्यांचा गोल मारणारा मुलगा घेतला. आमच्या मुलाने तीन सामन्यांत चार गोल केले, म्हणून सौदा आपल्याच बाजूचा झाला असे मी सगळ्यांना सांगत होतो. चौथ्या सामन्यात मात्र आमच्यावरचे दोन्ही गोल कॉर्नरवरून झाले. चेंडू उंचावरून आला की डोक्याने बाहेर काढणारा माणूस आमच्याकडे उरलाच नव्हता, आणि तो सामना आम्ही हरलो. तेव्हापासून कोणत्याही अदलाबदलीचा हिशेब मांडताना आलेल्या खेळाडूच्या आधी मी गेलेल्या खेळाडूचे काम लिहितो आणि ते आता कोण करणार, हे त्याच्या शेजारी लिहितो.

खेळाडू चांगला म्हणजे सौदा चांगला, असे धरून चालणे

इब्राहिमोविच वाईट खेळला नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये रियल माद्रिदविरुद्धचा एकमेव गोल त्याचा होता आणि बार्सिलोनाने ९९ गुण मिळवून स्पॅनिश लीग जिंकली. अडचण जागेची होती. तो मैदानाच्या मधोमध उभा राहून खेळणारा स्ट्रायकर होता, आणि त्याच हंगामात मेस्सीही अधिकाधिक मधूनच खेळू लागला होता. पुढच्याच उन्हाळ्यात इब्राहिमोविच लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना, एसी मिलानला गेला आणि सुमारे २.४ कोटी युरोंत त्याला कायमचे घेण्याची मुभा मिलानला मिळाली. म्हणजे बार्सिलोनाचे आर्थिक नुकसान उघड आहे, पण खेळातले नुकसान लोक सांगतात तेवढे नाही, कारण २०१०-११ मध्ये हाच संघ त्याच्याशिवाय चॅम्पियन्स लीग जिंकला.

एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटाच, असे मानणे

जानेवारी २०१८ मध्ये आर्सेनलने अलेक्सिस सांचेझ मँचेस्टर युनायटेडला दिला आणि हेन्रिख मखितारियान घेतला. सांचेझने युनायटेडकडून ४५ सामन्यांत ५ गोल केले आणि त्याच्या प्रचंड पगाराचे ओझे क्लबला दीड वर्षातच नकोसे झाले. मखितारियानही आर्सेनलमध्ये स्थिरावला नाही आणि २०१९ मध्ये लोनवर रोमाला गेला. दोघेही फसले, म्हणून लोक ‘बरोबरी’ म्हणून विषय सोडून देतात. येथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सौदा झाला नसता, तर प्रत्येकाच्या हाती काय राहिले असते? सांचेझचा करार त्याच उन्हाळ्यात संपणार होता आणि तो फुकट निघून गेला असता. आर्सेनलच्या हातून जवळजवळ गेलेल्याच वस्तूच्या बदल्यात काहीतरी पदरात पडले. युनायटेडने मात्र नवी, महागडी बांधिलकी अंगावर घेतली. माझ्या मते हा एक प्रश्न विचारला तर निम्मे वाद तिथेच मिटतात, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

जाहीर झालेल्या किमतीवर विश्वास ठेवणे

२०२० मध्ये बार्सिलोनाचा आर्थुर ७.२ कोटी युरोंना युव्हेंटसला गेला आणि युव्हेंटसचा प्यानिच ६ कोटींना बार्सिलोनाला आला. प्रत्यक्षात फरक फक्त १.२ कोटींचा होता. पण हिशेबाच्या पद्धतीत विकलेल्या खेळाडूवरचा नफा त्याच वर्षी दाखवता येतो आणि विकत घेतलेल्याचा खर्च कराराच्या वर्षांत विभागला जातो, त्यामुळे दोन्ही क्लबांच्या ताळेबंदात त्या वर्षी मोठी कमाई दिसली. मैदानावर प्यानिच वर्षभरातच लोनवर तुर्कस्तानात गेला, तर आर्थुर २०२२ मध्ये लोनवर लिव्हरपूलला जाऊन मुख्य संघाकडून जेमतेम १३ मिनिटे खेळला. अशा सौद्यात किमतीची तुलना करण्यात अर्थ नाही; हातात आलेली रोख, पगाराचा भार आणि खेळलेली मिनिटे एवढेच पाहावे.

पहिल्या हंगामातच निकाल लावणे

२००६ मध्ये आर्सेनलने अॅशली कोल देऊन चेल्सीकडून विल्यम गॅलास व वर ५० लाख पौंड घेतले. तेव्हा कोल २५ वर्षांचा होता, तर गॅलास २९ वर्षांचा. कोल चेल्सीत आठ वर्षे राहिला आणि २०१२ ची चॅम्पियन्स लीग जिंकला. गॅलास चार वर्षांत निघून गेला. वयाचा हा फरक पहिल्याच दिवशी लिहून ठेवण्यासारखा होता.

चषकाचे सगळे श्रेय एका खेळाडूला देणे

आपल्याकडचे अनेक जण चोर्ला घाटातून गोव्यात फातोर्ड्याला सामने पाहायला जातात, त्यांच्यासाठी जवळचे उदाहरण देतो. मार्च २०२३ मध्ये फातोर्ड्यातच डिफेंडर प्रीतम कोटालच्या नेतृत्वाखाली मोहन बागानने आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) चषक उचलला, आणि काही महिन्यांतच तो केरळ ब्लास्टर्सला गेला व तिकडून मिडफिल्डर सहल अब्दुल समद बागानकडे आला. त्यानंतर बागानने २०२३-२४ मध्ये लीग शील्ड (साखळी फेरीत अव्वल ठरणाऱ्या संघाचा मान) आणि २०२४-२५ मध्ये शील्ड व चषक दोन्ही जिंकले, तर प्रीतम जानेवारी २०२५ मध्ये आणखी एका अदलाबदलीत चेन्नईयनला गेला. यावरून बागानचा फायदा जास्त झाला, असे मलाही वाटते, पण चषकांच्या आधारावर नव्हे. तो संघ सहल येण्यापूर्वीच विजेता होता. बागानला प्रीतमची जागा भरून काढता आली आणि ब्लास्टर्सला मात्र त्याला दीड वर्षच ठेवता आले, हा आधार मला जास्त भक्कम वाटतो. सहल मैदानावर नसताना बागानचे आक्रमण किती मंदावते, हे सामने पाहूनच ठरवावे लागेल.